त्या दिवशी मी बंद होतो

मित्रांनो, मी जुना आहे, गंजलेला आहे, आणि जन्माने इथला नाही. मला रेचा म्हणतात. तुमच्या अंगातला सदरा कधीतरी बोंडातला कापूस होता आणि त्या कापसाच्या पोटात सरकी होती. ती सरकी खाली पाडायची आणि पांढरी रुई पुढे सोडायची, एवढंच माझं काम. नंदुरबारच्या एका जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, मी ते जवळजवळ चाळीस हंगाम केलं. आता उघड्यावर पडलो आहे. चिमण्यासुद्धा माझ्यावर फार वेळ बसत नाहीत, कारण उन्हात मी फार तापतो.

माझा जन्म विलायतेतला. तिथल्या एका धुरकट गावात मला ओतलं, घासलं, हिरवा रंग दिला आणि लाकडी खोक्यात बंद केलं. बोटीतून मुंबई, मुंबईहून सुरत, आणि सुरतेहून तापीच्या खोऱ्यातल्या नव्या रेल्वेने नंदुरबार. ते १९०५ साल असावं. स्टेशनापासून जिनापर्यंत मी बैलगाडीतून आलो.

जिनाचे मालक हुकमीचंद शेठ. त्यांनी माझ्यावर नारळ फोडला, कुंकू लावलं आणि माझ्या लोखंडावर थाप मारली. ते मारवाडातून ऐन तरुणपणी आलेले. येताना सोबत काय होतं, तर एक लोटा आणि कापडाचं गाठोडं. इतकी वर्षं इथे राहून त्यांची बोली इथल्यासारखीच अहिराणी झाली होती. ते मला म्हणाले, "तू बी बाहेरना, मी बी बाहेरना. आते दोन्ही जन मियीसन काम करसूत."

मला ते फार आवडलं. परक्या गावात पहिल्याच दिवशी कुणी आपलं म्हटलं की लोखंडालाही बरं वाटतं.

जिनात आम्ही साठ रेचे होतो, दोन रांगांत. जमिनीखालून एक लांब दांडा फिरायचा आणि त्यावरच्या पट्ट्यांनी आम्ही सगळे चालायचो. माझा नंबर तीस, माझी जागा पहिल्या रांगेच्या अगदी टोकाला, मागच्या खिडकीशी. खिडकीतून एक मोकळी जागा दिसे. तिथे चार बाभळी होत्या, एक विहीर होती, बाकी काही नव्हतं.

यंत्रं आली, इंजिन आलं, पण आम्हाला कापूस चारायला माणसं कुठे होती? प्रत्येक रेच्यापाशी एक बाई लागते. ती मुठीमुठीने कापूस घालते, तेव्हा आम्ही चालतो. गावातल्या बाया येईनात. हवेत सारखी रुई उडायची, ती नाकात आणि छातीत जायची. शिवाय दिवाळी ते होळी म्हणजे शेतातही वेचणीचे दिवस. तेव्हा जिनाचा मुकादम रेल्वेने नवापूरला गेला, तिथून पुढे डोंगरात गेला आणि माणसं घेऊन आला. डोक्यावर बोचकी, कडेवर मुलं, हातात कोंबड्या. त्यांच्यात रूपीबाई होती. कोकणी नावाच्या डोंगरी जमातीतली, नवीनच लग्न झालेली, वीसेक वर्षांची. तिच्या नवऱ्याचं नाव आमश्या. घरी नागलीचं शेत होतं, पण ते चार महिने पुरायचं.

रूपीबाईला माझ्यापुढे बसवलं. तिला शिकवायला इसहाक फिटर आला. तो तिच्याच मुलखातला ख्रिस्ती कोकणी, मिशनच्या शाळेत शिकलेला आणि यंत्रांची नस ओळखणारा. त्याने माझ्या पात्याजवळ बोट धरून हद्द दाखवली आणि सांगितलं, "हात आठे पावत. याना पुढे गया, ते मंग तो आपला ऱ्हास नही."

ती हसली नाही, घाबरलीही नाही. तिने हात नीट पाहिला, पातं नीट पाहिलं आणि कापूस घालायला लागली. मित्रांनो, मी बढाई मारत नाही, पण तीस वर्षांत तिच्या नखालाही माझं पातं लागलं नाही. तिची मूठ एकसारखी पडायची. दुसऱ्या बाया घाईत ढीग टाकत, मग माझा रूळ अडायचा, सरकी फुटायची, पट्टा किंचाळायचा. तिच्या हाताखाली मी गुणगुणत असे. शेठ परगावच्या व्यापाऱ्यांना जिन दाखवायला आणत आणि माझ्यापुढची रुई उचलून म्हणत, "देखा, हाई तीस नंबरनी रुई!" कौतुक माझं होई. काम तिचं असे.

जिनामागच्या मोकळ्या जागेत डोंगरातून आलेल्यांनी कुडाच्या झोपड्या बांधल्या. पहिल्या वर्षी चार, मग दहा-बारा. आणि गाव बदलायला लागलं. स्टेशनच्या रस्त्यावर मी आलो तेव्हा पाच दुकानं होती. पुढे किती झाली ते मला ठाऊक नाही, पण हंगामात त्या रस्त्याने बैलगाडी निघायला अर्धा दिवस लागायचा. झोपड्यांतल्या बाया मीठ, तेल, गूळ घ्यायच्या, होळीला लुगडं घ्यायच्या. त्यांच्यासाठी कासार आला, शिंपी आला, भजी तळणारा आला, पिठाची गिरणी आली. आणखी दोन जिन उभे राहिले. आमच्या जिनाच्या उंच धुराड्याच्या विटा आमश्यानेच डोक्यावरून वर चढवल्या. तरी गावातले लोक त्यांना हंगामी म्हणत, किंवा डोंगरातले म्हणत. नाव घेऊन कुणी हाक मारत नसे.

काही वर्षांनी रूपीबाई आणि आमश्या पावसाळ्यातही घरी जाईनासे झाले. आमश्याला स्टेशनात मालगाडीच्या वाघिणी भरायचं काम मिळालं. तिला पावसाळ्यात तेलाच्या घाणीवर काम मिळे. गावाकडची जमीन तिच्या दिरांनी वाटून घेतली. ती मला एकदा, म्हणजे शेजारच्या बाईला, पण माझ्याच समोर म्हणाली, "तठे आते मन्हं काय शे? मन्हं सगळं आठेच शे."

मग मानमोडीचं साल आलं. १९१८. तुमच्या आजोबांना विचारा, त्यांना आठवेल. ताप यायचा, मान मोडून पडायची आणि तिसऱ्या दिवशी माणूस जायचा. दिवाळी झाली तरी जिन सुरू झाला नाही. आमच्यावर गोणपाट टाकून ठेवलं होतं. शेठच्या घरी त्यांची बायको जतनबाई अंथरुणाला खिळली. गडी-माणसं पळून गेली. नातलग दाराशी येईनात. शेवटी हुकमीचंद शेठ स्वतः झोपड्यांपाशी आले आणि रूपीबाईच्या दारात उभे राहिले. मी खिडकीतून पाहिलं. त्यांच्या डोक्यावर पगडी नव्हती.

रूपीबाईला दोन वर्षांची मुलगी होती, रमी. तिलाही अंगात कसकस होती. रूपीबाईने तिला शेजारणीजवळ ठेवलं आणि ती शेठच्या घरी गेली. तीन दिवस ती तिथे होती. जतनबाईला पाणी पाजलं, अंग पुसलं, तिचं सगळं केलं. जतनबाई वाचली. तिसऱ्या दिवशी रूपीबाई झोपडीत परतली, तेव्हा शेजारीण बाहेर बसलेली होती आणि रमीला फडक्यात गुंडाळलेलं होतं. आमश्याने बाभळीखाली खड्डा खणला. दिवस होता, ऊन होतं, आणि विहिरीवर कुणी पाणी भरत नव्हतं.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी हुकमीचंद शेठ जिनात आले. जिन अजून बंदच होता. इसहाक एकटा आम्हाला गंज चढू नये म्हणून तेल लावत होता. तो माझ्यापाशी गुडघ्यावर बसलेला होता. शेठनी रूपीबाईला बोलावून घेतलं होतं. ते म्हणाले, "रूपी, जतन जित्ती शे ती तुन्हामुये. मी काय देऊ तुले? हाई मांगली जागा तुम्हनी. तुम्हना सगळा झोपडासनी. मन्हा मांगे बी तुम्हले आठून कोनी उठाडाव नही. इसहाक, तू ऐक."

"ऐकं, शेठ," इसहाक म्हणाला, म्हणजे ऐकलं.

रूपीबाईने फक्त खिडकीतून बाभळीकडे पाहिलं. कागदावर लिहून द्या म्हणायचं तिला सुचलं नाही. तशी तिची मनःस्थितीच नव्हती. आणि शेठचा शब्द म्हणजे शब्द, असं तेव्हा सगळेच धरून चालत.

मित्रांनो, ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे ती माझ्याशिवाय कुणी लक्षात ठेवली नाही. त्या दिवशी जिनात एकही पट्टा हलत नव्हता. शेठच्या जोड्यांची करकर ऐकू येत होती. इसहाकच्या कुप्पीतून तेलाचा थेंब पडला, त्याचासुद्धा आवाज आला.

पुढे बारा वर्षं गेली. जतनबाई गेली, मग हुकमीचंद शेठ गेले. जिन त्यांच्या मुलाच्या हाती आला. जवरीलाल. धुळ्याला शिकलेला, चष्मा लावणारा, हळू बोलणारा. मी त्याला वाईट माणूस म्हणणार नाही. त्याच्या वाट्याला दिवसच वाईट आले. १९३० साली कापसाचा भाव असा कोसळला, की शेतकरी गाड्या भरून आणत आणि तशाच परत नेत. साठातले चाळीस रेचे बंद झाले. तीन फिटर होते, दोघांना काढलं, इसहाक एकटा उरला. मी चालू राहिलो, कारण माझ्यापुढे रूपीबाई होती. तिचे केस आता पांढरे झाले होते, रुईने नव्हे, खरेच. छातीत कफ भरलेला असे. पण मूठ तशीच पडायची.

त्या हिवाळ्यात शिरगणतीची तयारी सुरू झाली. शिरगणती म्हणजे सरकारने देशातली सगळी माणसं मोजणं. दहा वर्षांनी एकदा ते होतं. आधी घरांना नंबर घालतात, मग दोनेक महिन्यांनी एका ठरलेल्या दिवशी माणसं लिहून घेतात. आमच्या बाजूचं काम शाळेतल्या पितांबर मास्तरांकडे आलं. धोतराचा सोगा खोचून, हातात गेरूचं डबडं घेऊन ते खिडकीमागच्या झोपड्यांपाशी आले. दुपारची सुट्टी होती, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"हे घर कुणाचं?" मास्तरांनी विचारलं.

"मन्हं शे, गुरुजी," रूपीबाई म्हणाली.

"नाव?"

"रूपीबाई."

"किती वर्षं झाली इथे?"

तिला साल सांगता येईना. ती म्हणाली, "हाऊ जिनना धुराडा व्हता नही, तवयपाईन."

मास्तरांनी मान वर करून धुराड्याकडे पाहिलं. मग विचारलं, "गणतीच्या वेळी गाव कोणतं सांगशील?"

"नंदुरबार," ती म्हणाली. "आखो कोनतं?"

"मग गणतीच्या दिवशी घरीच राहा. मी येईन आणि तुमची नावं लिहीन," मास्तर म्हणाले. त्यांनी कुडाच्या दारावर गेरूने आकडे काढले.

त्या संध्याकाळी तिने दाराभोवती शेणाने सारवलं, पण आकड्यांना हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी माझ्यापुढे बसल्यावर ती शेजारणीला म्हणाली, "आते आम्ही गावमा शेत, बरं का." तिला इतकं बोलताना मी क्वचितच ऐकलं होतं. तिची मूठ त्या दिवशी थोडी जास्तच भरलेली पडत होती आणि मीही ती आनंदाने घेत होतो. माझ्या आयुष्यातला तोच शेवटचा चांगला दिवस म्हणायचा.

झोपड्यांवरचे ते आकडे जवरीलालने पाहिले. मागची जागा विकून जिन तगवायचा, असं त्याच्या मनात घोळत होतं. तेलाची गिरणी घालणारा एक जण ती घ्यायला तयारही होता. वकिलाने त्याला सांगितलं होतं, की जागा मोकळी असेल तरच सौदा होईल. तो इंजिनापाशी इसहाकला म्हणाला, "नंबर पडना म्हंजे घर व्हयनं. घर व्हयनं म्हंजे उद्या हक्क सांगतीन. त्यास्ले होळीना आधी उठाडनं पडी." आणि जाता जाता म्हणाला, "पुढला हंगामले फिटर लागी का नही, ते बी देखनं पडी." त्याने धमकी दिली नाही. जे खरं होतं तेच सांगितलं. पण इसहाक तिथेच उभा राहिला आणि बराच वेळ हातातला पाना पुसत राहिला. त्याची बायको सोनीबाई आजारी होती, चार मुलं मिशनच्या शाळेत होती. जिनाच्या वाड्यातली एक खोली, एवढाच त्याचा निवारा.

झोपड्या उठवायचा निरोप आला, तेव्हा रूपीबाई पहिल्यांदा मालकापुढे उभी राहिली. जिनाच्या आत, दुपारच्या सुट्टीत, माझ्यापासून चार हातांवर. गावातले दोन मोठे व्यापारी जवरीलालने बोलावले होते, म्हणजे पुढे कुणी बोट ठेवायला नको. आमश्या तिच्या मागे उभा होता.

"भाऊ," ती म्हणाली, "हाई जागा आम्हले तुम्हना बापनी देल शे. जबान देल शे."

जवरीलालने चष्मा काढला. "कोना समोर?"

"इसहाकभाऊ समोर. आठेच. हाऊ रेचा जोडे."

सगळ्यांनी इसहाककडे पाहिलं. जवरीलाल म्हणाला, आणि तो खरं बोलत होता असं मला आजही वाटतं, "इसहाक, तू सांग. तू हो म्हणशी ते मी बापना शब्द मोडाव नही. जिन गया तरी चाली."

इसहाकने एक हात माझ्यावर टेकवला. त्याने खाली पाहत सांगितलं, "शेठ काहीतरी बोलनात. पन रेचा चालू व्हतात. आवाजमा माले काही ऐकू उनं नही."

मित्रांनो, मी बंद होतो. आम्ही साठच्या साठ बंद होतो. त्या दिवसांत मानमोडीने गावात चिटपाखरू फिरत नव्हतं, जिन कसा चालू असेल? मी आयुष्यात कुणाला खोटं पाडलं नाही. पण त्या दिवशी माणसाने स्वतःचं खोटं माझ्या आवाजाखाली लपवलं, आणि मला हूं की चूं करता येईना. कुणी पट्टा चढवला असता तर मी फक्त खडखडलो असतो. त्यातून कुणाला काय कळणार होतं?

आमश्या पुढे झाला. "तू ऐकं म्हनेल व्हता!" एवढंच तो बोलला. रूपीबाईने त्याचा दंड धरला. तिने इसहाककडे पाहिलं. त्याची बोटं तेलाने काळी होती आणि ती माझ्या कडेवर घट्ट रोवलेली होती.

"व्हयी," ती हळू म्हणाली. "आवाज भलता ऱ्हास याना."

व्यापारी उठले. जवरीलालने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि तो कुणाकडे न पाहता बाहेर गेला.

सुट्टी संपायच्या आधी आमश्याने तिला विचारलं, की तू त्याला का सोडलंस? ती कापसाचा ढीग पुढे ओढत म्हणाली, "त्यानी नोकरी जाती. आनि जागा तरी बी आम्हले भेटती नही. एक जनना घर तरी ऱ्हाऊ दे." मग पट्टा चढला आणि आम्ही कामाला लागलो.

गणतीला आठ दिवस उरले असताना झोपड्या हलल्या. हलवायला कुणी आलं नाही. त्यांनीच आपले बांबू उपसले, कूड गुंडाळले आणि भांडी डोक्यावर घेतली. दहा-बारा घरं दुपारपर्यंत नाहीशी झाली. रेल्वेच्या रुळांपलीकडे एक नाला आहे. त्याच्या उतारावर त्यांनी पुन्हा कूड उभे केले. ती जागा नंदुरबारच्या हद्दीत पडते की शेजारच्या गावाच्या, हे तिथे राहणाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं.

ठरलेल्या दिवशी रूपीबाई कामाला आली नाही. मास्तरांनी सांगितल्याप्रमाणे ती घरी बसून राहिली. तिने अंगण झाडलं, स्वच्छ लुगडं नेसलं, आमश्यालाही कामावर जाऊ दिलं नाही. नंदुरबारकडून कुणी आलं नाही. शेजारच्या गावाकडूनही कुणी आलं नाही. एका बाजूच्या लिहिणाऱ्याला वाटलं, की उतार त्या बाजूचा आहे. त्या बाजूच्याला वाटलं, की या बाजूचा. कुणाचा दोष म्हणायचा?

दोन दिवसांनी पितांबर मास्तर माझ्या खिडकीशी आले. त्यांच्या चेहऱ्यावरच अपराध्यासारखा भाव होता. "रूपीबाई, कुठे गेली होतीस? मी दोनदा येऊन गेलो. इथे तर सगळं मोकळं! माझ्या वहीत तुमचे नंबर आहेत, आणि घरं नाहीत."

"नालाजोडे शेत आम्ही, गुरुजी. आते लिखी ल्या ना."

मास्तर म्हणाले, "वह्या गेल्या गं बाई. आता दहा वर्षांनी."

"दहा?" तिने विचारलं. आणि ती कापूस घालू लागली.

त्या आठवड्यात होळी होती. कितीतरी वर्षांनी ती आपल्या डोंगरातल्या गावी गेली. परत आली तेव्हा सुट्टीत भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून तिने आमश्याला सांगितलं, "गावमा बी लिखनारा एल व्हता. भाऊनी त्याले सांगं, रूपी आठे ऱ्हास नही, ती नंदुरबारनी शे." मग ती थोडं हसली. ते हसू मला अजून विसरता येत नाही. तिकडे ती नंदुरबारची होती, म्हणून तिला लिहिलं नाही. इकडे ती सापडली नाही, म्हणून लिहिलं नाही. एवढा मोठा देश त्या दिवशी मोजला गेला, आणि माझ्यासमोर बसलेली ही बाई कुठेच नव्हती.

पुढे कधीतरी गावाचा आकडा आला. गाव वाढलं म्हणून जिनाच्या कचेरीत पेढे वाटले. गाव कुणामुळे वाढलं, हे कुणी विचारलं नाही. मागच्या जागेचा सौदाही झाला नाही. तेलाची गिरणी घालणारा त्याच मंदीत बुडाला. जागा तशीच पडून राहिली आणि तिथे निवडुंग माजला. जवरीलालने कधी त्यांना परत बोलावलं नाही. त्याला लाज वाटत असेल, किंवा लक्षातही राहिलं नसेल.

रूपीबाई आणखी चार हंगाम आली. रोज रूळ ओलांडून यायचं, रोज परत जायचं. खोकला आला की तोंडाला पदर लावायची आणि दुसऱ्या हाताने कापूस घालायची. इसहाक माझ्या तेलपाण्याला येई, तेव्हा ती त्याला पूर्वीसारखीच इसहाकभाऊ म्हणायची. तेव्हा तो मला गरजेपेक्षा जास्त तेल घाली. इतकं, की ते खाली ठिबकत राही.

१९३५च्या माघात एका सकाळी ती आली नाही. दहा वाजता आमश्या मुकादमाला सांगायला आला. नाल्याच्या उतारावरच तिला पुरलं. दुपारी माझ्यापुढे दुसरी बाई बसली होती. तळोद्याकडून, सातपुड्याच्या पायथ्यावरून नुकतीच आलेली. धनुबाई तिचं नाव. इसहाकने माझ्या पात्याजवळ बोट धरून तिलाही सांगितलं, की हात आठे पावत.

तिने सहज विचारलं, "आठे पहिले कोन बठे?"

इसहाक म्हणाला, "व्हती एक. डोंगरातली."

रूपीबाई तीस वर्षं तिथे बसली होती. 'डोंगरातली', एवढंच तिचं नाव उरलं.

पुढच्याच वर्षी इसहाकचे डोळे गेले आणि तो नवापूरला जायला निघाला. जाण्याच्या दिवशी जिन बंद होता. तो चाचपडत माझ्यापर्यंत आला, माझ्या कडेवर हात ठेवला आणि म्हणाला, "तू बंद व्हता." पुन्हा म्हणाला, "बंद व्हता रे तू." पण तिथे आम्ही दोघंच होतो. ज्या दिवशी बोलायचं त्या दिवशी तो बोलला नव्हता, आणि मला तर बोलताच येत नव्हतं.

नंतर लढाई आली, विजेवर चालणारी नवी यंत्रं आली. धनुबाईला काढलं आणि मला उपटून मागच्या निवडुंगात टाकलं. उद्या-परवा भंगारवाला येणार आहे, असं मुलं बोलत होती. येऊ दे. मी लोखंड आहे. मला वितळवतील, कशाचा तरी पुन्हा आकार देतील. मी नांगराचा फाळ होईन, पुलाचा खिळा होईन, कुठेतरी कामाला येईन. माझी काळजी करू नका. मला रंग द्या, छपराखाली ठेवा, असं मी म्हणणार नाही. माणसाला मात्र दुसऱ्यांदा ओतता येत नाही.

मित्रांनो, तुमच्या गावात दिवाळीनंतर डोक्यावर बोचकं घेऊन कुणी उतरलं, तर त्याला नाव विचारा. कुठला आहेस असं विचारू नका, नाव विचारा, आणि ते लक्षात ठेवा. त्यामुळे त्याचं काही भलं होईल असं वचन मी देत नाही. पितांबर मास्तरांनीही विचारलं होतं, आणि ते भले गृहस्थ होते. तरीही विचारा. रूपीबाईचं नाव आज मला ठाऊक आहे आणि आता तुम्हाला. गाडीची चाकं वाजताहेत. बहुतेक भंगारवालाच असेल.